बरणीतली चरबी

१

पुरावा हरवलेला स्कोलास्टिकाबाईंनी पाहिला होता, चोरीला गेलेला पाहिला होता, एकदा तर कुत्र्याने खाल्लेलाही पाहिला होता. पण पुराव्याने जागच्या जागी राहून रूप पालटावं, हे त्यांच्या ओसरीवर पहिल्यांदाच घडत होतं.

“बाई, तुमच्या डोळ्यांनी बघा,” असं म्हणून ब्लेझने फडक्याची गाठ सोडली होती. “डुकराची चरबी आहे. पांढरीफटक. गाडीच्या फिल्टरमधून मी या बोटांनी खरवडून काढलीय.”

फडक्यातून काचेची बरणी निघाली. बरणीत तेल होतं. नितळ, पातळ, पलीकडची बोटं दिसावीत असं खोबरेल.

ब्लेझने बरणी उजेडात धरली, हलवली, झाकण काढून आत बोट घातलं. बोटावरून तेल मनगटापर्यंत ओघळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“चरबी होती, बाई. देवाशप्पथ.”

“आत्ता तर तेल आहे.”

“ते मलाही दिसतंय!”

“मग माझ्यावर कशाला ओरडतोस, मेल्या? बस खाली आणि नीट सांग.”

बाईंचा गुडघा सकाळपासून ठणकत होता, चहात घालायची साखर पाहिल्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्यात आता हे. बूगनव्हिल बेटाला सरकारी फौजेचा वेढा पडल्याचं ते पाचवं वर्ष. पोलीस, कचेरी, न्यायाधीश, सगळे पहिल्याच वर्षी बोटीत बसून निघून गेले होते. शाळाही बंद पडली. तेव्हापासून, तीस वर्षं पोरांच्या खोड्या हुडकणाऱ्या बाईंकडे लोक मोठ्यांच्या खोड्या घेऊन येऊ लागले. बाईंना अधिकार कसलाच नव्हता. लोक त्यांचं ऐकत, एवढंच.

वेढ्यामुळे डिझेलचा थेंब मिळत नव्हता. लोकांनी मग गाड्या खोबरेलावर चालवायला घेतल्या. नारळ खोवायचा, दूध पिळायचं, कढवायचं, वर आलेलं तेल गाळून पिंपात भरायचं. ब्लेझचा ट्रक रस्त्याने गेला की मागे खोबऱ्याच्या वड्या थापल्यासारखा वास दरवळायचा आणि पोरांना भूक लागायची. दोन वर्षं तो ट्रक असाच चालला होता. दगा त्याने नेमका त्या पहाटे दिला.

ब्लेझची धाकटी बहीण पर्पेतुआ डोंगरातल्या रेजिसशी लग्न करून वर्षभर वर देमाइरू गावात राहत होती. दिवस भरत आले तेव्हा तिला किनाऱ्यावर, नर्सबाईपाशी आणायला ब्लेझ गाडी घेऊन गेला. एरवी तो सकाळी वर जाऊन दिवस मावळायच्या आत परतायचा. त्या दिवशी वाटेतला लाकडी पूल खचलेला होता, पोचायलाच संध्याकाळ झाली, म्हणून गाडीने पहिल्यांदाच वर मुक्काम केला. पहाटे पर्पेतुआला कळा सुरू झाल्या आणि गाडी काही केल्या चालू होईना. फिल्टर उघडला तर आत पांढरा गोळा. शेवटी बांबूला झोळी बांधून चार तास डोंगर उतरावा लागला. बाळ आडवं होतं. खाली पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. पर्पेतुआ वाचली, बाळ गेलं.

“रेजिसनंच केलं हे,” ब्लेझ म्हणाला. “ती खाली यायला त्याला नकोच होती. इथं बाळंत झाली असती तर बाळ आमच्या अंगणात वाढलं असतं ना! रात्री गाडीभोवती तोच घुटमळत होता. आणि पुढं ऐका. ऊन वर आल्यावर मी माणूस पाठवला, तर गाडी एका झटक्यात चालू. फिल्टर लख्ख! म्हणजे आम्ही निघाल्यावर यांनी सगळं साफ केलं.”

“रेजिस तर झोळीला खांदा देत होता, असं ऐकलं मी.”

“नदीपर्यंत. तिथून मी त्याला हाकलला. साफ त्याच्या आईनं केलं असेल.”

“आणि ही बरणी तीन दिवस कुठं होती?”

ब्लेझने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आमच्याच घरात. पर्पेतुआच्या खोलीत, खुंटीला,” तो शेवटी म्हणाला. “बाई, बरणी बदलली असेल तर ती माझ्या बहिणीनंच बदललीय.”

२

पर्पेतुआ भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई उशाशी बसल्या तरी ती वळली नाही.

“बरणीला मी हात लावला नाही,” ती म्हणाली. “नवऱ्याला वाचवायला बदलली, असंच म्हणतोय ना दादा? मी कशाला वाचवू? मलाच वाटतंय त्यांनी केलं असेल.”

“त्यांनी म्हणजे कुणी?”

“सासूनं. नाहीतर दोघांनी मिळून.” आता ती वळली. डोळे सुजून बारीक झाले होते. “त्या घरात चरबीची खोड जुनीच आहे, बाई. मी इथून केसांचं तेल नेलं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी बघते तर बाटलीत सगळं पांढरं, घट्ट. रोज सकाळी तेच. मी बाटली काखेत धरून बसायची, मग जरा सैल व्हायचं. डुकराची चरबी मिसळत होती म्हातारी माझ्या तेलात. मी दादाला सांगितलं होतं.”

“सासूला विचारलंस?”

“विचारायचं काय? घरात राहायचं होतं मला.”

“आणि रेजिसला?”

ती पुन्हा भिंतीकडे वळली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही. बाईंना मात्र स्वतःचाच राग येत होता, कारण या पोरीला आज विचारावेत असे प्रश्न हे नव्हते.

अंगणात कॉस्मास तेल कढवत बसला होता. तो पर्पेतुआचा आणि ब्लेझचा मामा. या लोकांत कूळ आईकडून चालतं, त्यामुळे मामाचा शब्द बापाच्या शब्दाच्या वर. ट्रकच्या पिंपातलं तेलही त्याच्याच हातचं.

“मामा, तेलात पाणीबिणी राहिलं असेल का हो?” बाईंनी विचारलं.

कॉस्मासने कढईतलं उलथनं उचलून बाईंकडे रोखला. “माझ्या तेलात? त्याच कढईतलं तेल अख्ख्या गावात दिव्याला जळतंय. एक वात तरी तडतडली का विचारा.” मग त्याने सुपारी चुन्यात बुडवून तोंडात टाकली आणि आवाज खाली आणला. “बाई, तुम्ही आता या भानगडीत फार खोल जाऊ नका. मिटतंय सगळं. सात डुकरं देतायत ते.”

“कोण देतंय? कशाबद्दल?”

“म्हणजे तुम्हाला कळलंच नाही?” कॉस्मास खुशीत हसला. “आत्ताच वरून निरोप आलाय. रेजिसनं कबूल केलं.”

३

कबुली आली की बेटावर भांडण संपतं. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, डुकरं दिली जातात, सुपारी वाटून खातात, आणि मग त्या विषयावर कुणी चकार शब्द काढायचा नसतो. रीत चांगलीच आहे. तिच्यामुळे कितीतरी गावं एकमेकांना कापून काढायची थांबली. पण त्या आठवड्यात बाईंना ती रीत नकोशी झाली. जो तो भेटून सांगत होता, “बाई, आता जाऊ द्या की!” आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. गाडी आपोआप चालू झाली कशी? बरणीतली चरबी गेली कुठे? कबुलीने या दोन प्रश्नांना हातसुद्धा लावला नव्हता.

बाईंनी बरणीच्या झाकणाला नीरफणसाचा चीक लावला, वरून दोरीने स्वतःची गाठ मारली आणि ती आपल्या खाटेखाली ठेवली. सहा दिवसांनी डुकरं स्वीकारायला ब्लेझचा ट्रक वर निघाला, तेव्हा त्या बरणी घेऊन पुढच्या सीटवर चढून बसल्या. मागे पिंपाशेजारी गादीवर पर्पेतुआ आणि तिला धरून कॉस्मास. ती आलीच पाहिजे, असा मामाचा हट्ट होता. तिच्याशिवाय मिटवणार कोणाशी?

पूल अजून धड नव्हता, देमाइरूला पोचायला पुन्हा संध्याकाळ झाली. मिटेपर्यंत सासरच्यांसमोर यायचं नाही म्हणून कॉस्मासने पर्पेतुआला थेट चर्चमध्ये नेलं. ब्लेझने गाडी पुन्हा घरांपासून लांब, चर्चपुढच्या उघड्या कड्यावर लावली. “या खेपेला मी गाडीतच झोपणार,” तो म्हणाला. “बघतो कोण येतंय ते.”

वर अशी थंडी होती की बाईंचे दात वाजू लागले. त्यांनी अंगावरच्या झग्यावर चटई लपेटली आणि रेजिसला पडवीत बोलावलं. उंच, हडकुळा पोरगा होता. खांद्यावर झोळीच्या बांबूचा वळ अजून काळा दिसत होता.

“चरबी किती टाकलीस?”

“होती तेवढी.”

“कुठून टाकलीस?”

“टाकीतून. झाकण उघडून.”

“टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे?”

“ड्रायव्हरच्या दाराखाली, बाई. तिथंच असतं.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “गाढवा, त्या टाकीला दोन वर्षांपूर्वी गोळी लागून भोक पडलंय! गाडी मागच्या पिंपावर चालते. नळी पिंपातून येते. सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. खोटं बोलायचं तर आधी जाऊन गाडी तरी बघायचीस.”

रेजिस खांबाला टेकून खाली बसला.

“का कबूल केलंस?”

“मी नाही नाही म्हणत राहिलो तर मिटणार कसं, बाई? ते मला नदीपलीकडं पाय ठेवू देत नाहीत. तिचा चेहरा दिसला नाही मला त्या दिवसापासून. कबूल केलं की डुकरं देता येतात, डुकरं दिली की मिटतं, आणि मिटलं की ती परत येईल.” त्याने हात जोडले. “तुम्ही उद्या काही बोलू नका. पाया पडतो.”

“गाडीभोवती रात्री कशाला घुटमळत होतास?”

“ब्लेझला सांगायला गेलो होतो, गाडी इथं आमच्या चुलीच्या खोपटाला लागून लाव. पाऊस येईलसं वाटत होतं. तो म्हणाला, तुमच्या दारात लावली तर सकाळी गाडीत तेल उरायचं नाही.”

बाई चुलीच्या खोपटात गेल्या. रेजिसची आई लुडविना निखाऱ्यात रताळी भाजत होती. सुनेच्या तेलाचा विषय निघताच तिने रताळं आपटलं.

“चरबी? माझी चरबी? वर्षाला दोन डुकरं मारतो आम्ही. बोटभर चरबी माझ्या सांध्यांना चोळायला मिळत नाही, ती मी तिच्या केसांत घालू? आणि ट्रकला पाजू?” म्हातारीचा आवाज फुटला. “तेल तिच्या गावचं, बाटली तिची, रात्री उशाशी ठेवून झोपायची ती. माझ्या अंगणात नारळाचं झाड आहे का एक तरी? इतक्या उंचावर ते उगवतच नाही. मला काय कळतंय त्यातलं!”

म्हातारी खोटं बोलत नव्हती. पोरगाही निर्दोष होता. मग बरणीतली चरबी खोटी म्हणावी, तर ब्लेझही खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. बाई पुरत्या वैतागल्या. त्यांनी बरणीची पिशवी पडवीच्या खांबाला अडकवली आणि चुलीपाशी अंग टाकलं.

सकाळी उठून पहिल्यांदा त्यांनी पिशवी उघडली. दोरीची गाठ त्यांचीच होती. चीक कुठे तडकला नव्हता. आणि बरणीत तळापासून गळ्यापर्यंत पांढरीफटक चरबी भरली होती.

४

“कोण आहे रे तिकडं?” बाई एवढ्या जोरात ओरडल्या की खालचे कुत्रे भुंकू लागले.

कुणी नव्हतं. त्यांनी गाठ ओढून पाहिली, बरणी उलटी केली. पांढरं तसूभर हललं नाही. गाठ न सोडता बरणी बदलणारा चोर कसला असेल? डोंगरातली माणसं याला सरळ करणी म्हणाली असती, आणि एखाद्या दुबळ्या म्हातारीच्या डोक्यावर खापर फुटलं असतं. कुणाच्या, तेही बाईंना कळत होतं. त्या तशाच तणतणत खोपटात शिरल्या, बरणी चुलीजवळच्या दगडावर आपटली आणि लुडविनाला म्हणाल्या, “चहाचं पाणी ठेव. डोकं चालत नाही माझं.”

पाण्याला आधण येईपर्यंत त्या बरणीकडे रागाने बघत बसल्या होत्या. आणि बघता बघता बरणीच्या जाळाकडच्या बाजूला एक नितळ पट्टा उतरला.

बाई पुढे सरकल्या. पट्टा रुंद झाला. पांढरा गोळा काचेपासून सुटून मधे तरंगू लागला, मग बारीक होत गेला. थोड्या वेळाने बरणीत ब्लेझने ओसरीवर दाखवलं होतं तेच नितळ तेल होतं.

त्यांनी गाठ सोडली, चीक फोडून झाकण काढलं, बोट बुडवून नाकाशी नेलं. खोबरं. निव्वळ खोबरं.

झाकण पुन्हा दाबून बसवत बाई गुडघा विसरून ओढ्यावर गेल्या आणि हात बधिर होईपर्यंत बरणी वाहत्या पाण्यात धरून बसल्या. तळाशी आधी धुकट झालं, मग पांढऱ्या चकत्या धरल्या, मग सगळं थिजलं. परत चुलीपाशी आणलं, वितळलं. पुन्हा ओढ्यावर नेलं, थिजलं. लुडविना दारात उभी राहून या वेड्या बाईच्या खेपा पाहत होती.

तिसऱ्या खेपेला बाई ओढ्याकाठच्या दगडावर मटकन बसल्या. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. पाण्याला थंडी लागली की बर्फ, ऊब लागली की पुन्हा पाणी, आणखी तापवलं की वाफ. पोरांकडून घोकून घेतलं होतं. बर्फ त्यांनी स्वतः उभ्या जन्मात दोनदा पाहिला, तोही बेटावर खाण चालू होती तेव्हा, तिच्या साहेबांच्या पेल्यात. पुस्तकात पाण्याचं लिहिलं होतं म्हणून त्यांनी पाण्याचं शिकवलं. ते तेलालाही लागू असेल, हा विचार त्यांच्या टाळक्यात एकदाही आला नव्हता. त्यांना रडावंसं वाटलं आणि कुणाच्या तरी मुस्कटात मारावीशीही वाटली.

वरून डुकरांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. देवघेव सुरू होत होती.

५

चर्चपुढे दोन्हीकडची माणसं बसली होती. मधे सात डुकरं बांबूंना बांधलेली. एका बाजूला कॉस्मास, ब्लेझ आणि मान खाली घातलेली पर्पेतुआ, समोर रेजिस आणि त्याची आई. रेजिसने बोलायला तोंड उघडलं तोच बाई लंगडत मधे येऊन उभ्या राहिल्या.

“सोडा ती डुकरं,” त्या म्हणाल्या.

“बाई!” कॉस्मास ओरडला. “मिटलंय! कशाला उकरताय?”

“मिटलं नाही, मामा. दडपताय तुम्ही. ब्लेझ, जा, गाडी चालू कर.”

“आत्ता? कशाला?”

“कर म्हणते ना!”

ब्लेझ चडफडत गेला. इंजिन घरघरलं, खोकलं, गप्प झालं. पुन्हा तेच. पाचव्या वेळी त्याने उतरून फिल्टर उघडला आणि तिथूनच किंचाळला, “चरबी! पुन्हा टाकली यांनी! बघा, बघा सगळ्यांनी!”

किनाऱ्याची माणसं ताडकन उठली.

“बसा खाली!” बाईंचा शाळेतला आवाज निघाला आणि माणसं खरंच बसली. “ब्लेझ, रात्रभर गाडीत कोण झोपलं होतं?”

“मी.”

“डोळा लागला?”

“या थंडीत? छे! पहाटेपर्यंत जागाच होतो.”

“गाडीजवळ कोण आलं?”

“कुणी... कुणीच नाही.”

“मग चरबी तूच टाकलीस म्हणायची.”

डोंगराच्या बाजूने कुणीतरी फिसकन हसलं. ब्लेझ हातातल्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत राहिला.

“वास घे त्याचा,” बाई म्हणाल्या. “नीट घे. दिवसभर त्याच वासात बसतोस म्हणून तुझ्या नाकाला कळत नाही. आता तो गोळा मुठीत आवळ आणि सगळ्यांना मूठ दिसेल अशी वर धर.”

त्याने मूठ आवळली. हळूहळू बोटांच्या फटींतून तेल झिरपलं आणि कोपरावरून टपकू लागलं.

“तुमच्या अंगातली ऊब त्याला पुरते,” बाई म्हणाल्या. “इथली रात्र लागली की ते थिजतं, ऊन लागलं की वितळतं. म्हणून त्या दिवशी ऊन वर आल्यावर गाडी आपसूक चालू झाली, कुणी काही साफ केलं नव्हतं. म्हणून बरणी खाली गेल्यावर तेल झाली, आणि काल रात्री माझ्या गाठीसकट पुन्हा पांढरी झाली. डुकराची चरबी असती तर किनाऱ्यावर खुंटीला टांगून अशी पाण्यासारखी झाली नसती, तिला चुलीवरच चढवावं लागतं. प्रत्येक जिनसेची वितळायची ऊब वेगळी असते. आपल्याला ठाऊक नव्हतं, कारण आपल्याकडं नारळ आहे पण थंडी नाही. यांना ठाऊक नव्हतं, कारण यांच्याकडं थंडी आहे पण नारळ नाही. ट्रक वर राहिला त्या रात्री दोन्ही एका जागी आलं, आणि कुणालाच काही समजलं नाही. दोष द्यायचा तर मला द्या. शिकवायचं काम माझं होतं.”

“पण यानं कबूल केलंय!” कॉस्मासला अजूनही डुकरं सोडवत नव्हती.

“याला गाडीची टाकी कुठं आहे तेही माहीत नाही, मामा.”

तेवढ्यात पर्पेतुआ उठली. अशक्त होती, तरी कुणाचा हात न घेता ती रेजिससमोर जाऊन उभी राहिली.

“माझ्या तेलाचीही हीच गत होती म्हणजे,” ती सासूकडे न बघता म्हणाली. “रोज काखेत धरून मीच वितळवत होते, आणि मलाच कळलं नाही.” मग तिचा आवाज चढला. “पण तू? तू केलं नव्हतंस ना? मग का म्हणालास केलं? त्या निरोपापासून सहा दिवस मी तुला आपल्या बाळाचा मारेकरी समजतेय! मला परत आणायला असं सांगतात का रे कुणी?”

“नाही म्हणालो असतो तर पटलं असतं तुला?” रेजिसने विचारलं.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली.

ब्लेझ अजून हात तसाच वर धरून उभा होता. बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तो आता नको तो हिशेब करतोय. तेवढी गोष्ट बाईंनी मुद्दामच बोलायची टाळली होती. ब्लेझ रेजिसकडे आला.

“गाडी चुलीला लागून लाव म्हणाला होतास तू,” तो म्हणाला. “लावली असती तर...”

“पावसामुळं म्हणालो होतो,” रेजिस म्हणाला. “बाकी मलाही कुठं काय कळत होतं.”

ब्लेझने तोंड फिरवलं. मग म्हणाला, “कबर नदीपलीकडं आहे. माझ्या गाडीतून चल. मी नेतो.”

गाडी मात्र चालू होणार नव्हती. सूर्य ढगात होता, ऊन पडायची लक्षणं नव्हती. किनाऱ्याची माणसं कड्यावर चुळबुळत बसून राहिली. कॉस्मास डुकरांकडे पाहून सुस्कारे टाकत होता. तेव्हा लुडविना कुणाशी न बोलता खोपटात गेली. मेजवानीसाठी भट्टीत तापत घातलेले दगड तिने चिमट्याने काढले, केळीच्या ओल्या पानांत गुंडाळले आणि टोपलीतून आणून पिंपाभोवती, नळीखाली, फिल्टरपाशी रचले. दुसरी टोपली आणली. तिसऱ्या खेपेला पर्पेतुआने उठून टोपलीचा एक कान धरला. सासूने तो धरू दिला.

नळीतून टिपटिप सुरू झाली. ब्लेझने किल्ली फिरवली, इंजिनाने दोनदा खोकून सूर धरला, आणि कड्यावर खोबऱ्याचा वास पसरला. पर्पेतुआला मागे गादीवर बसवलं. रेजिस तिच्याशेजारी चढला, पण टेकला नाही. इतका वेळ त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

“पर्पेतुआ,” तो इंजिनाच्या आवाजावरून म्हणाला, “मला नदीवरूनच परत पाठवलं ना. नंतर कुणी काही सांगितलंच नाही. मुलगा होता की मुलगी?”

बाईंनी पुढच्या सीटवर डोळे मिटून घेतले. इतके दिवस सगळ्यांना प्रश्न विचारत हिंडताना हे त्याला सांगायचं त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“मुलगी,” पर्पेतुआ म्हणाली. “तुझ्यासारखी लांब बोटं होती तिची.”

ब्लेझने चालू झालेलं इंजिन बंद केलं. मागे ती दोघं हळू आवाजात बोलत राहिली, आणि दगड निवत आले तरी निघायची घाई कुणी केली नाही.